कायद्याची शाखा पहिल्याच वर्षी निवडायची का?

सीईटीचा निकाल लागला की ‘कोणती शाखा घेऊ?’ ही एकच विचारणा शंभर तोंडांनी येते. यंदाच्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत.

बीकॉम झालो आहे. तीन वर्षांचा कोर्स की पाच? (कोथरूड)

तीन. पदवीला खुल्या गटात 45 टक्के लागतात. राखीव गटाची अट माहितीपुस्तिकेत पाहा.

एचआरमध्ये नोकरी करते. कामगार कायद्याचा डिप्लोमा केला तर वकिलीची सनद मिळेल का? (भोसरी)

नाही. नोकरीत उपयोग होईल, तेवढ्यासाठी जरूर करा.

मुलगा पाच वर्षांच्या कोर्सच्या पहिल्या वर्षाला आहे. एक क्लासवाले म्हणतात, आत्ताच सायबर कायद्याचं पॅकेज घ्या, फौजदारीत आता काही राहिलं नाही. फी 60 हजार. भरावी का? (सिंहगड रस्ता)

भरू नका. एक हप्ता दिला असेल तर परत मागा.

एलएलबी म्हणजे इंजिनिअरिंग नव्हे, की सुरुवातीपासून मेकॅनिकल वेगळा आणि सिव्हिल वेगळा. पदवी एक, सनद एक. ती मिळाली की सकाळी घटस्फोटाचं प्रकरण चालवा, दुपारी चेक बाउन्सचं. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या देशपातळीवरच्या नियामक संस्थेच्या 2008 च्या नियमांनुसार करार, मालमत्ता, गुन्हे, पुरावा, संविधान हे सगळ्यांनाच सक्तीचं आहे. ऐच्छिक विषय त्याच्या जोडीला येतात, त्याच्या जागी नाही.

आणि सायबर प्रकरण उभं राहतं ते याच विषयांवर. समजा, धमकीचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज कोर्टात द्यायचे आहेत. मुलांना वाटतं, स्क्रीनशॉटची प्रिंट जोडली की झालं. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं, म्हणजे पुराव्याच्या नव्या कायद्याचं, कलम 63 सोबत प्रमाणपत्र मागतं: फोन कोणता, कोणाच्या ताब्यात होता, हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, काय. त्याचा एक भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. जालना विधानसभा मतदारसंघाच्या 2014 च्या निवडणुकीचा वाद अशाच प्रमाणपत्रावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2020 मध्ये न्यायालयाने ते अनिवार्य असल्याचं स्पष्ट केलं. वाद होता व्हिडिओ चित्रीकरणाचा, पण निकाल लागला पुराव्याच्या कायद्यावर. ज्याचा पुरावा कच्चा, त्याचं सायबरही कच्चंच राहणार.

तुम्ही पाठवलेल्या क्लासच्या माहितीपत्रकात अजून जुन्या पुरावा कायद्याचं कलम 65 ब छापलं आहे. तो कायदा 1 जुलै 2024 पासून गेला! ज्यांना एवढंही बदलून छापायची तसदी घ्यावीशी वाटली नाही, ते 60 हजारांत मुलाला काय शिकवणार? फौजदारीत काही राहिलं नाही म्हणणाऱ्याने एकदा शिवाजीनगर कोर्टात सकाळी अकराला जाऊन उभं राहावं.

मुलाला किमान 20 आठवड्यांची इंटर्नशिप करावीच लागेल. ती एकाच ऑफिसात न उरकता दिवाणी, फौजदारी, कंपनीविषयक काम करणाऱ्या वेगवेगळ्या वकिलांकडे करू द्या. आवड तिथे कळते. ऐच्छिक विषय निवडायची वेळ आली की त्याच्या पुराव्याच्या प्राध्यापकांना भेटा.

हिंजवडीत नोकरी आहे. हजेरी न लावता एलएलबी होते असं मित्र सांगतो. (वाकड)

मित्राचं ऐकू नका. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या त्याच 2008 च्या नियमांत प्रत्येक विषयाला 70 टक्के हजेरी आहे, आणि घरबसल्या पत्राने केलेल्या एलएलबीवर सनद मिळत नाही. वर्गांच्या वेळा कॉलेजात स्वतः जाऊन विचारा, कंपनीशी बोला, मगच प्रवेश घ्या.

न्यायाधीश व्हायचं आहे. एलएलएम कोणत्या शाखेत करू? (हडपसर)

दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी एलएलएम लागत नाही. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांची वकिली आवश्यक ठरवली आहे. आधी ज्येष्ठ वकिलाकडे काम सुरू करा. अर्ज करताना त्या वेळची जाहिरात ओळीओळीने वाचा.

आत्याच्या ओळखीचे एक गृहस्थ सनद काढून द्यायला 25 हजार मागतात. (कात्रज)

देऊ नका. खुल्या गटासाठी नोंदणी शुल्क 750 रुपयांच्या वर घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये सांगितलं आहे; मुद्रांक शुल्क लागू असेल तर तेवढं वेगळं. कागदपत्रांची यादी बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडून घ्या आणि अर्ज स्वतः भरा. अडलं तर कॉलेजच्या प्राचार्यांना विचारा.