बदललेली किडनी आणि महाधमनीचा फुगवटा

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ६६ आहे. नऊ वर्षांपूर्वी त्यांची किडनी बदलली असून ती उत्तम चालते. अलीकडे सोनोग्राफीत पोटातील महाधमनीला ५.७ सेंटीमीटरचा फुगवटा आढळला. पोट न उघडता जांघेतून उपचार केल्यास किडनीला धोका पोहोचेल का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : पुरुषांमध्ये हा फुगवटा ५.५ सेंटीमीटरपर्यंत पोहोचला की तो फुटण्याची भीती उपचारातील जोखमीपेक्षा मोठी मानतात. त्यामुळे निर्णय फार लांबवू नये.

बदललेली किडनी ओटीपोटात बसवलेली असते आणि तिची धमनी बहुधा पायाकडे जाणाऱ्या इलियाक धमनीला जोडलेली असते, म्हणजेच तिला मिळणारे सगळे रक्त या फुगवट्यातूनच पुढे येते. पोट उघडून शस्त्रक्रिया करताना महाधमनी काही काळ चिमट्याने बंद करावी लागते आणि पर्यायी रक्तपुरवठ्याची सोय केली नाही, तर तेवढा वेळ किडनी रक्ताविना राहते. १९९० मध्ये ब्युनोस आयर्सच्या डॉ. हुआन पारोदी यांनी पोटातील महाधमनीसाठी जी पद्धत वापरली, तिच्यात जांघेतील धमनीतून कापडी आवरणाचा स्टेंट (धातूच्या जाळीची नळी) नेऊन फुगवट्याच्या आत बसवतात. रक्तप्रवाह जवळजवळ थांबत नाही आणि पोटावर मोठी जखमही होत नाही. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांमुळे जखम उशिरा भरते, हे लक्षात घेता अशा रुग्णांना या पद्धतीचा विशेष लाभ होतो. मात्र फुगवट्याच्या वरची धमनी स्टेंट घट्ट बसण्याइतकी निरोगी हवी.

धोका मुख्यतः दोन ठिकाणी आहे. स्टेंटची खालची शाखा किडनीच्या धमनीच्या तोंडावर आली, तर किडनी जाऊ शकते; म्हणून प्रत्यारोपणाच्या वेळचे शस्त्रक्रियेचे टिपण शोधून काढा. धमनी नेमकी कुठे जोडली आहे, हे त्यात लिहिलेले असते आणि आमच्या मते ते कागद नव्या अहवालांइतकेच मोलाचे आहेत. स्टेंट आत नेणारी जाड नळी शक्यतो बदललेली किडनी नसलेल्या बाजूच्या जांघेतून घालतात. दुसरा धोका धमन्या स्पष्ट दिसाव्यात म्हणून टोचल्या जाणाऱ्या रंगद्रव्याचा; त्याचा किडनीवर ताण येऊ शकतो. ते कमीत कमी वापरावे, आधी व नंतर शरीरात पुरेसे पाणी राहील असे पाहावे. काही केंद्रांत त्याऐवजी कार्बन डायऑक्साइड वायू वापरतात.

प्रत्यारोपणाच्या गोळ्या शस्त्रक्रियेच्या दिवशीही मनाने बंद करू नयेत. मात्रा नेफ्रॉलॉजिस्टच (किडनीविकारतज्ज्ञ) ठरवतील. वडील विडी-सिगारेट ओढत असल्यास ती आजच सुटली पाहिजे. स्टेंटच्या कडेने रक्त झिरपत नाही ना, हे पुढे आयुष्यभर तपासावे लागते आणि यातील बरीचशी तपासणी रंगद्रव्याविना, डॉप्लर सोनोग्राफीने करता येते. मधल्या काळात पोटात किंवा पाठीत अचानक तीव्र कळ आली, तर बाह्यरुग्ण विभागाची वेळ न पाहता तातडीने मोठ्या रुग्णालयात न्यावे.