आठवणी लिहायला बसलीस, तर एकच दिवस धर

"लहानपण किती गोड होतं" असं लिहून पान भरू नकोस गं. एकच दिवस निवड. समज, काकाच्या लग्नात घरी मांडे झाले तो. चुलीवर पालथं घातलेलं खापर, आत पिठीसाखर भरलेली पोळी हातांवर फिरत फिरत कोपरापर्यंत पसरलेली, आणि गरम आहे तोवर घडी घालायची घाई, कारण निवला की मांडा मोडतो. तुला तेव्हा कुठं बसवलं होतं? कोण ओरडलं? तिथून लिही.

बोली मात्र धुऊन काढू नकोस. आपल्याकडं "काय करूलास?" असंच विचारतात, त्याचं "काय करतोस?" केलंस की आजी आजी राहत नाही. शेजारची अव्वा कन्नडमधून हाक मारायची आणि आजी मराठीतून ओ द्यायची, तेही तसंच येऊ दे. बेळगाव-खानापुराकडचं घर त्याशिवाय पुरं होत नाही.

आजोबांच्या गोष्टीतल्या तारखा तेवढ्या ताडून घे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. राज्याचं नाव कर्नाटक झालं ते १९७३ मध्ये. लिहिताना हे हमखास उलटसुलट होतं.

आणि आत्याकडं याच रविवारी जा. वही ने, पण आधी नुसतं तिच्याजवळ बस. भाजी निवडता निवडता ती जे बोलेल, ते समोर वही उघडलीस तर बोलणार नाही.