स्वभाव आणि गेम: सुरुवात कुठून करायची

अरे, खेळातून माणसाचा स्वभाव ओळखायचा असेल तर लगेच मोठ्या पर्सनॅलिटी टेस्टच्या मागे लागू नकोस, आधी साधा कैद्यांचा पेच घे आणि दोघांना खेळताना नीट बघ. यात दोघांनी एकमेकांना न विचारता साथ द्यायची की दगा, हे ठरवायचं: दोघांनी साथ दिली तर दोघांचं बरं, दोघांनी दगा दिला तर दोघांचं कमी, आणि एकानेच दगा दिला तर त्याला सगळ्यात जास्त, साथ देणाऱ्याला सगळ्यात कमी.

नवीन लोक हमखास एक चूक करतात, समोरच्याने दगा दिला की लगेच "हा स्वार्थी" असा शिक्का मारून मोकळे. पण दगा हावेपोटी असतो तसा भीतीपोटीही असतो, आपण साथ दिली आणि त्याने नाही दिली तर? म्हणून चाल खेळायच्या आधीच विचार, "समोरचा काय करेल असं वाटतं?" या एका प्रश्नातून अर्धं काम होतं, खरंच.

बाकी सुरुवातीला एवढंच बघ:
- प्रामाणिकपणा आणि समजूतदारपणा वेगळे. पैसे वाटायच्या खेळात बघ, पहिल्यात माणूस समोरच्याला काही करता येत नसतानाही निम्मं वाटून देतो, दुसऱ्यात समोरच्याने कमी दिलं तरी सांभाळून घेतो.
- एकच डाव की अनेक, हे आधी ठरव. शेवटचा डाव कोणता हे आधीच कळलं की भले भलेसुद्धा बदलतात.

१९८० च्या आसपास रॉबर्ट ॲक्सेलरॉड या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने हाच पेच पुन्हा पुन्हा खेळणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रामांची स्पर्धा घेतली, त्यात 'जशास तसे' नावाचा प्रोग्राम जिंकला. पहिल्यांदा साथ, मग समोरचा करेल तेच, बस. तू स्वतः हाच खेळून बघ. आकडेमोड नंतर.