जुना ट्रॅक्टर आणि मागं भरलेली ट्रॉली: तुमचे प्रश्न

हंगाम संपून ट्रॉल्या मोकळ्या झाल्या की कोल्हापुरात जुन्या ट्रॅक्टरचा बाजार तेजीत येतो. कुणाला हप्ता भागवायचा असतो म्हणून विकायचा असतो, कुणाला दसऱ्याआधी स्वस्तात घ्यायचा असतो. गेल्या काही दिवसांत आलेल्या प्रश्नांपैकी पाच इथं घेतलेत. जवळजवळ प्रत्येकानं एचपी विचारलाय. ब्रेक मात्र एकानंही विचारला नाही.

प्रश्न : घरची चार एकर शेती, शिरोळ तालुका. ऊस, शेणखत, वाडं (उसाचे हिरवे शेंडे) यासाठी एकच ट्रॉली ओढायची आहे. साडेतीन लाखांपर्यंत जाऊ शकतो. कमी वापरलेला ३५ एचपीचा बघितलाय, आणि त्याच पैशात बारा वर्षं जुना ४५ एचपीचाही मिळतोय. कुठला घेऊ?

इंजिन ठणठणीत असेल तर ४५ चा. पण जादा ताकदीसाठी नव्हे, जादा वजनासाठी.

हिशेब करून बघू. आठ टन ऊस आणि ट्रॉलीचं स्वतःचं दोनेक टन, म्हणजे मागं दहा टन. सपाट डांबरी रस्त्यावर ती चालती ठेवायला दोनशे-अडीचशे किलोची ओढ पुरते, तेवढं लहान इंजिनही करतं. शंभर फुटांत पाच फूट असा साधा चढ लागला की त्यात आणखी पाचशे किलोंची भर पडते. इंजिन ही ओढ देईलही, पण ती जमिनीवर उतरवायची मागच्या दोन टायरांनी, आणि टायरची पकड त्याच्यावर किती वजन आहे त्यावर ठरते. हलक्या ट्रॅक्टरचं मागच्या चाकांवर जेमतेम टनभर वजन पडतं. कोरड्या डांबरावर निभावून जाईल, पण पावसानं भिजलेल्या पाणंदीत चाक जागेवर फिरायला लागतं. दोन टनांच्या आसपास वजनाचा ट्रॅक्टर तिथं सरळ निघून जातो. टायरमध्ये पाऊण भाग पाणी भरून घेतलं तर दोन्ही मिळून चारशे किलोच्या आसपास वजन आणखी वाढतं, आणि खर्च पंक्चरवाल्याच्या मजुरीएवढाच.

उतारावर हीच गोष्ट उलटी होते. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतो. दहा टन थांबवायचं काम त्याच दोन चाकांवर येतं. म्हणून बघायला जाल तेव्हा आधी ब्रेक बघा. तेलातले ब्रेक, म्हणजे ज्यांच्या डिस्क तेलात बुडालेल्या असतात, ते असतील तर थोडे पैसे जास्त द्यायलाही हरकत नाही. तापतात कमी, टिकतात जास्त. एकाच मॉडेलमध्ये दोन्ही प्रकारचे ब्रेक आलेले आहेत, तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नका.

आणि उजव्या पायाखाली दोन ब्रेक पेडल असतात, त्यांना जोडणारी एक लोखंडी खिट्टी असते, ती जागेवर आहे का बघा. रानात वळताना ती काढतात आणि पुन्हा लावायची राहून जाते. ट्रॉली घेऊन रस्त्यावर असताना पाय एकाच पेडलवर पडला तर ट्रॅक्टर एका अंगाला वळतो आणि ट्रॉली मागून तशीच पुढं येत राहते. शे-दोनशे रुपयांच्या वस्तूसाठी एवढी जोखीम.

मॉडेल विचाराल तर महिंद्रा ५७५, स्वराज ७४४, मॅसी २४१ यांपैकी जो तुमच्या पंचक्रोशीत जास्त दिसतो तो. यांचं सामान कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिळतं आणि गावातला मिस्त्री डोळे झाकून उघडतो. ऊस फडात तुटून पडलेला असताना सुट्या भागासाठी चार दिवस थांबणं कुणाला परवडतं?

प्रश्न : चंदगडकडं डोंगराळ रान आहे. २५ एचपीचा जुना मिनी ट्रॅक्टर घेऊन त्यालाच दोन टनांची लहान ट्रॉली जोडली तर चालेल का?

दोन टन मालासकट असेल तर सपाटीला चालेल. तुमच्या रानात मी दीड टनावर थांबलो असतो. बऱ्याच मिनी ट्रॅक्टरचं वजन ६०० ते ९०० किलोच असतं. मागची ट्रॉली त्याच्या दुपटीपेक्षा जड झाली की उतारावर कोण कुणाला नेतंय ते कळत नाही. फोर व्हील ड्राइव्हचा मिळाला तर तोच घ्या. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा आणि मधे क्लच दाबू नका. हुक खालच्या पट्टीला, वर कधीच नाही. वरून ओढलं की चढावर पुढची चाकं उचलतात, आणि हलक्या ट्रॅक्टरला उलटायला वेळ लागत नाही.

प्रश्न : एका एजंटाकडं २०१७ चा ट्रॅक्टर बघितला. रंग नवा, मीटरवर फक्त २१०० तास. भाव बाजारापेक्षा चाळीस हजारांनी कमी. घोटाळा आहे का? आमचं गाव चिखलीजवळ.

चिखलीजवळचे आहात म्हणजे २०१९ चा आणि २०२१ चा पूर तुम्हाला मी सांगायची गरज नाही. त्या दोन पुरांत पाण्याखाली गेलेले कितीतरी ट्रॅक्टर धुऊन, रंगवून परत बाजारात आले. सगळेच वाईट नव्हते. ज्यांचं तेल पाणी ओसरल्याबरोबर बदललं गेलं ते आजही चालतायत. फक्त विकणारा तसं सांगत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी स्वतः फसता फसता राहिलो. पुतण्यासाठी ट्रॅक्टर बघायला गेलो होतो. बॉनेट आरशासारखं, सीट नवी, टायरला काळं पॉलिश. चालू केला तर आवाजही गोड. निघता निघता सहज मीटरच्या पॅनेलचे दोन स्क्रू काढले. आत वायरींच्या जुडग्यावर राखाडी, पिठासारखी बारीक माती बसलेली होती. धूळ असती तर फुंकर मारल्यावर उडाली असती. ही नखानं खरवडावी लागली. तो पुराचा गाळ. पुढं काही विचारायची गरजच उरली नाही, चहा घेऊन परत आलो.

तर तुम्ही जाताना एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक पांढरं फडकं खिशात ठेवा. पॅनेलमागं, हेडलाइटच्या वाटीत, बॅटरीच्या पेटीखाली बघा. रंगारी तिथपर्यंत जात नाही. गिअरचं तेल पट्टीनं काढून फडक्यावर टिपा. दुधाळ, ताकासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. पुरानं गेलेलं असो नाहीतर सील फुटून, खर्च तुमचाच. ट्रॅक्टर आदल्या रात्रीपासून बंद ठेवायला सांगा आणि सकाळी स्वतः जाऊन चालू करा. गरम इंजिन कुणाचंही चालू होतं. चालू असताना इंजिनात तेल ओतायचं बूच उघडा. तिथून भपाऱ्यानं धूर येत असेल तर रिंगा-पिस्टनचं काम आलंय.

मीटरच्या तासांवर माझा काडीचा विश्वास नाही. केबल तुटली की मीटर थांबतं, आणि बदलायला अर्धा तासही लागत नाही. त्यापेक्षा झिजेकडं बघा. क्लच पेडलचं रबर गुळगुळीत होऊन कडेचं लोखंड चमकत असेल तर २१०० तास खोटे. मागच्या टायरची नक्षी मधोमध सपाट झाली असेल तर तो रस्त्यावर ट्रॉली ओढून आलाय. ओढायच्या पट्टीचं पिनचं भोक गोल न राहता लांबट झालं असेल तर ओढलंही भरपूर. अशा ट्रॅक्टरची क्लच प्लेट आणि किंगपिन, म्हणजे पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या पिना, यांचा खर्च भावातून वजा करून मगच बोलणी करा. आणि एक चाचणी कुणी करत नाही ती आवर्जून करा: भरलेली ट्रॉली जोडून उतारावरून आणा. जुन्या ट्रॅक्टरचा गिअर बहुतेक वेळा चढावर नव्हे, उतारावर सुटतो.

चाळीस हजार कमी का, हे एजंटाला सरळ विचारा. उत्तर देताना तो कुणीकडं बघतो तेही बघा.

प्रश्न : निपाणीकडचा केए २३ पासिंगचा ट्रॅक्टर ट्रॉलीसह स्वस्त मिळतोय. कागदपत्रांचं काय?

ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांची नोंदणी वेगवेगळी असते, हे पहिलं. ट्रॉलीचं आरसी बुक वेगळं मागा. "ट्रॉली अशीच घ्या हो" म्हणाले तर ती बिननोंदणीची आहे असं समजून तिचा भाव धरा, किंवा धरूच नका. ट्रॅक्टरसाठी तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५. मालकी नावावर करायला २९ आणि ३०. सगळ्यावर विकणाऱ्याच्या सह्या समोर बसून घ्या, कारण नंतर तो फोन उचलत नाही. इकडं आल्यावर कर भरून एमएच ०९ चा नंबर. हा सगळा खर्च आणि हेलपाटे धरून स्वस्ताई किती उरते ते बघा. ट्रॅक्टरची अवस्था खरोखर चांगली असेल तरच हा व्याप करण्यात अर्थ आहे.

प्रश्न : मुलाला धंदा म्हणून ऊस वाहतुकीला घालायचाय. जुना ५५ एचपीचा आणि दोन ट्रॉल्या. कारखान्याचा करार होतोय. घेऊ का?

ट्रॅक्टरचं आधी सांगतो, ते सोपं आहे. दोन ट्रॉल्यांना ५० च्या वरचाच घ्या, तेलातल्या ब्रेकचा आणि पॉवर स्टिअरिंगचा. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना २०२३ पासून प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले, त्यामुळं नव्या गाड्यांचं डिझेल पंपाचं काम इलेक्ट्रॉनिक झालं. म्हणून त्याआधीचे, साध्या पंपाचे जॉन डिअर ५३१०, न्यू हॉलंड ३६३०, स्वराज ८५५ अजून मागणीत आहेत आणि विकणारे भाव सोडत नाहीत. ट्रॉलीच्या आरसीवर मंजूर वजन लिहिलेलं असतं तेही वाचा. शेतीकामाचा म्हणून काढलेला विमा भाड्याच्या वाहतुकीत अपघात झाल्यावर अंगाशी येतो, तेव्हा विमा कंपनीला काम खरं काय ते सांगूनच काढा, ट्रॉल्यांसकट.

आता अवघड भाग. तोडणी-वाहतुकीच्या करारात उचल, म्हणजे कारखान्याची आगाऊ रक्कम, वाहतूकदाराच्या नावावर पडते, ती तो ऊसतोड टोळीच्या मुकादमाला देतो, आणि टोळी आलीच नाही तर वसुली वाहतूकदाराकडून होते. टोळी न आल्यामुळं चांगला चालणारा ट्रॅक्टर विकायला लागलेली माणसं मी दरवर्षी बघतो. तुम्हाला आत्ता जो ५५ चा दाखवतायत तोही कदाचित असाच आला असेल. मुलानं पहिला हंगाम नुसती वाहतूक करावी. यंत्रानं तोडलेला ऊस किंवा दुसऱ्याच्या टोळीचा ऊस ओढावा. पैसे कमी मिळतील. कारखान्याच्या गाडीतळावर नंबर लागेपर्यंत रात्र रात्र जागावं लागतं, डिझेल किती जातं, टायर किती टिकतात, हे त्या हंगामात त्याचं त्यालाच कळेल. तेवढ्यासाठी एक ट्रॉली पुरते आणि ट्रॅक्टर ४५-५० चाही चालतो.

आणि ट्रॉली एक असो वा दोन, प्रत्येकीच्या मागं रिफ्लेक्टर, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना, वाडं लोंबकळून झाकले जाणार नाहीत अशा उंचीवर. हे ट्रॅक्टर घेतला त्याच दिवशी करा. पुढच्या हंगामात बघू म्हणून ठेवू नका.