इंग्रजीत कॅथरीन नावाचं बरोबर स्पेलिंग कोणतं, सी ने सुरू होणारं की के ने?

दोन्ही बरोबर आहेत, एकच एक असं शुद्ध स्पेलिंग या नावाला नाहीच. मूळ नाव ग्रीक, 'ऐकातेरीने', त्यात कप्पा हे 'क'चं अक्षर, त्याचं लॅटिनमध्ये सी झालं आणि काहींनी ग्रीकच्या जवळ राहून के ठेवलं, म्हणून आजही दोन्ही चालतात. मधला 'टी-एच' तर नंतर आलाय, कारण लोकांनी हे नाव 'काथारोस' म्हणजे शुद्ध, निर्मळ या ग्रीक शब्दाशी जोडलं, आणि त्याच ओढीने काही जण मधे 'ई' ऐवजी 'ए' लिहितात. नेहमी दिसणारी रूपं अशी:

- सी आणि मधे ई: प्रिन्सेस ऑफ वेल्स, म्हणजे प्रिन्स विल्यमची बायको केट
- के आणि मधे ई: लेखिका कॅथरीन मॅन्सफिल्ड
- के आणि मधे ए: अभिनेत्री कॅथरीन हेपबर्न (हे सगळ्यात जास्त चुकतं बघा)
- के, शेवटी आर-वाय-एन: दिग्दर्शिका कॅथरीन बिगेलो

आणि इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीची सहावी राणी कॅथरीन पार, ती तर सही करताना के-ए-टी-ई-आर-वाय-एन लिहायची, एच नाहीच, मला हे फार आवडतं.

फक्त एक, ही मोकळीक नाव ठेवतानाच. एकदा कागदोपत्री लागलं की त्या बाईचं स्पेलिंग तेच, फॉर्म भरताना किंवा तिकीट काढताना अंदाजाने लिहू नका, तिलाच विचारा.