वाचकांचे प्रश्न : रिकामं पिस्तूल आणि गेलेली मुभा

प्रश्न : उघडपणे शस्त्र मिरवणारे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतात, असं अमेरिकेतले काही शस्त्रधारकच म्हणतात. ते कसं?

उत्तर : कॅलिफोर्निया बघा. ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेच्या सशस्त्र गस्तींनंतर १९६७ साली मलफर्ड कायदा आला आणि परवान्याशिवाय भरलेलं शस्त्र सार्वजनिक जागी बाळगणं बंद झालं. रिकामं मात्र चालत होतं. २०१०च्या सुमारास काही जण कमरेला रिकामं पिस्तूल लावून कॉफीच्या दुकानांत जमू लागले. भरलेलं मॅगझिन (गोळ्यांची पेटी) पट्ट्याच्या दुसऱ्या बाजूला. ते आत सरकवायला कितीसा वेळ लागतो? शेजारच्या टेबलावरचा माणूस पोलिसांना फोन करणारच. पोलिसांना मात्र शस्त्र भरलेलंच आहे असं धरून चेंबर (गोळी बसते तो कप्पा) तपासावं लागे. हाच मुद्दा पोलिसांनी लावून धरला आणि नवा कायदा झाला. १ जानेवारी २०१२पासून रिकामं पिस्तूलही उघड बाळगता येईना. रायफलसारख्या लांब बंदुकांचा नंबर पुढच्याच वर्षी लागला.

स्टारबक्स या कॉफी दुकानांच्या कंपनीने तर 'स्थानिक कायदा म्हणेल तसं' म्हणून हात झटकले होते, म्हणजे मुभा असेल तिथे शस्त्र चालत होतं. शस्त्रसमर्थकांनी तिथे स्टारबक्सचे 'कौतुक दिन' साजरे केले, आणि सप्टेंबर २०१३मध्ये 'शस्त्रं आणू नका' अशी जाहीर विनंती (बंदी नव्हे) कंपनीला करावी लागली.