नागपूरची डिझेल पिकअप जानेवारीत लेह-कारगिलकडे न्यायची तर काय तयारी करू?

भाऊ, आपल्याकडची 8 डिग्रीची थंडी विसरून जा, तिकडे रात्री उणे 20 पर्यंतही जातं. सगळ्यात आधी डिझेल. हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली कशी घट्ट होते, तसंच डिझेलमधलं मेण जमतं अन् फिल्टर चोक होतो, गाडी स्टार्ट होते अन् दोन मिनिटांत बंद पडते. म्हणून नागपूरजवळच्या वाडीत टाकी फुल करून तेच डिझेल वरपर्यंत न्यायच्या भानगडीत पडू नका. टाकी रिकामी करत जा अन् वर पोचल्यावर तिकडचं विंटर डिझेल भरा (इंडियन ऑइलनं 2019 मध्ये आणलं, उणे 33 पर्यंत वाहतं), मग 15-20 मिनिटं गाडी चालवा म्हणजे ते लाइनीत अन् फिल्टरपर्यंत पोचेल. जुने ड्रायव्हर रॉकेल मिसळा म्हणतील, बीएस-6 गाडीत अजिबात नाही!

निघायच्या आधी डिझेल फिल्टर नवीन टाका, त्यातलं पाणी काढा. रेडिएटरमध्ये आपण नळाचं पाणी ओततो ना, ते गोठलं की ब्लॉक फुटतो, म्हणून पूर्ण फ्लश करून कॉन्सन्ट्रेट कूलंट अन् डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं. इंजिन ऑइल मॅन्युअलमध्ये चालत असेल तर 5डब्ल्यू (थंडीतही पातळ राहणारं). बॅटरी तीन वर्षांची झाली असेल तर बदलूनच टाका.

रात्री हँडब्रेक नको, गोठून चिकटतो. गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड. सकाळी ग्लो प्लगचा (इंजिन आतून गरम करतो तो) दिवा विझू द्या, मगच सेल्फ मारा. अन् टाकीखाली शेकोटी पेटवणारे भेटतील, त्यांना लांबूनच नमस्कार.